एक्स-रे टेक्निशियन की मॉलची नोकरी? बारावीनंतर फी भरायच्या आधी हे वाचून घ्या

मोर्शी : बारावीचा निकाल लागला की मोर्शी-वरूड पट्ट्यात बस स्टँडवर, झेरॉक्सच्या दुकानात अन् गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाच साच्याच्या जाहिराती फिरायला लागतात. एका वर्षात एक्स-रे टेक्निशियन व्हा, नोकरीची हमी. मॉल मॅनेजमेंट शिका, तीन महिन्यांत पगार चालू. वर पांढरा कोट घातलेल्या मुलीचा फोटो, खाली मोबाइल नंबर. यातल्या काही संस्था खरंच शिकवतात. काही फक्त फी घेतात अन् दोन वर्षांनी एक रंगीत कागद हाती देतात. नोकरीच्या अर्जाला तो कागद चालत नाही हे पोराला कधी कळतं, तर कागदपत्र तपासणीच्या टेबलावर. तोवर पैसा गेलेला असतो अन् वयही.

ही दोन क्षेत्रं एकाच लेखात घ्यायचं कारण आहे. आपल्याकडे अकरावी-बारावीच्या व्यवसाय शिक्षणात, ज्याला जुने लोक अजून एमसीव्हीसी म्हणतात, 'रेडिऑलॉजी टेक्निशियन' अन् 'मार्केटिंग अँड रिटेल मॅनेजमेंट' हे दोन्ही विषय एकाच यादीत येतात. आणि निकालानंतर घराघरांत चर्चाही याच दोन टोकांची होते. विज्ञान घेतलेल्या पोरीला मामा सांगतो एक्स-रे कर, कॉमर्सवाल्याला मित्र सांगतो अमरावतीला शोरूममध्ये लाग. दोघांचंही ऐका, पण आधी खालचं पाहा.

एक्स-रेवाला नेमकं करतो काय?

जर्मनीतल्या रोंटगेन नावाच्या शास्त्रज्ञाला ८ नोव्हेंबर १८९५ रोजी या किरणांचा शोध लागला. काय आहे ते कळेना म्हणून त्यानं नाव दिलं 'एक्स', म्हणजे अज्ञात. मराठीत क्ष-किरण. म्हणूनच सरकारी जाहिरातीत पदाचं नाव 'क्ष-किरण तंत्रज्ञ', 'क्ष-किरण सहायक' किंवा 'क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी' असं असतं. नोकरीच्या साइटवर शोधताना हे शब्द टाका, नाहीतर अर्धी पदं नजरेतून सुटतात.

काम बटन दाबण्याचं नाही. संत्र्याच्या झाडावरून पडलेला माणूस हात धरून येतो, हात वळवता येत नाही, दुखण्यानं ओरडतो. तरी मनगटाचा एक फोटो समोरून अन् एक बाजूनं घ्यावाच लागतो, कारण एकाच बाजूनं पाहिलं तर मोडलेलं हाडही कधी सरळ दिसतं. छातीचा एक्स-रे असेल तर पेशंट उभा, छाती प्लेटला टेकलेली, खांदे पुढे, मशीन सहा फुटांवर अन् श्वास पूर्ण भरून रोखलेला. श्वास अर्धा घेतला तर फुप्फुसाचा खालचा भाग झाकला जातो अन् डॉक्टरला डाग आहे की नाही तेच कळत नाही. किरणांचा जोर किती अन् मात्रा किती हे टेक्निशियनलाच ठरवावं लागतं. सडपातळ म्हातारीला जे सेटिंग चालतं ते नव्वद किलोच्या माणसाला चालत नाही. लहान लेकराला तर मोठ्या माणसाचं सेटिंग लावायचंच नाही.

फोटो खराब आला तर परत काढावा लागतो, म्हणजे पेशंटच्या अंगावर किरण दुसऱ्यांदा. म्हणून चांगला टेक्निशियन तोच, ज्याला एकाच वेळात नीट फोटो काढता येतो. फोटो वाचून आजार सांगणं हे मात्र त्याचं काम नाही. ते रेडिऑलॉजिस्टचं, म्हणजे एमबीबीएसनंतर आणखी शिकलेल्या डॉक्टरचं. 'रेडिऑलॉजी केलं' एवढंच सांगून काही एजंट पालकांच्या मनात पोरगं डॉक्टर होणार असं भरवतात. तसं नसतं बाप्पा.

काळोख्या खोलीत फिल्म धुण्याचा जमाना आता जवळपास संपला. बहुतेक ठिकाणी डिजिटल आलं, फोटो थेट कॉम्प्युटरवर. त्यामुळे कॉम्प्युटर यायलाच पाहिजे. पुढं सीटी स्कॅन, एमआरआय, स्तनाच्या तपासणीची मॅमोग्राफी, ऑपरेशन थिएटरमधलं सी-आर्म, दातांचा एक्स-रे अशा शाखा आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या क्षयरोगाच्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरायची छोटी एक्स-रे मशीन गावापर्यंत आली. पुढच्या काळात हे काम दवाखान्याच्या चार भिंतींपुरतं राहणार नाही, असं यावरून दिसतं.

एमआरआयचं वेगळं आहे. तिथं क्ष-किरण नसतात, प्रचंड ताकदीचं चुंबक असतं, अन् ते रात्रंदिवस चालू असतं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेलेला तरुण चुंबकाकडे ओढला गेला अन् त्यात त्याचा जीव गेला. तो पेशंट नव्हता, नातेवाईक होता. एमआरआयच्या दाराशी 'खिशात काय आहे' असं टेक्निशियन दहा वेळा विचारतो, ते यासाठी.

किरणांची भीती किती खरी?

'एक्स-रेचं काम केलं तर लेकरू होत नाही' हे गावात हमखास ऐकायला मिळतं, अन् पोरींना याच कारणानं अडवतात. यातली वस्तुस्थिती अशी : क्ष-किरण धोकादायक आहेतच, म्हणूनच त्यावर देशात कडक नियम आहेत. मुंबईचं अणुऊर्जा नियामक मंडळ, जे १९८३ मध्ये स्थापन झालं, ते हे पाहतं. किरणांची मात्रा मिलिसिव्हर्ट या मापात मोजतात. या कामातल्या माणसाला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट अन् कोणत्याही एका वर्षात ३० पेक्षा जास्त मात्रा होऊ द्यायची नाही, अशी मर्यादा आहे. अंदाज यावा म्हणून : छातीच्या एका एक्स-रेत पेशंटला एका मिलिसिव्हर्टच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी मात्रा मिळते. माती, दगड, आकाश यातून माणसाला काही न करता वर्षाला जागतिक सरासरीनं २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असते.

टेक्निशियन पेशंटजवळ उभा राहून बटन दाबत नाही. तो शिशाच्या आडोशामागं असतो. जवळ थांबावंच लागलं तर शिशाचा एप्रन घालतो. त्याच्या छातीवर, एप्रनच्या आतून, टीएलडी नावाचा छोटा बिल्ला असतो. तो ठरावीक मुदतीनं प्रयोगशाळेत पाठवतात अन् अंगावर किती मात्रा आली याचा हिशेब येतो. बिल्ला ज्याचा त्यानंच वापरायचा. काम सुरू करताना हा बिल्ला मिळत नसेल, तर समजून घ्या की तो सेंटर नियम पाळत नाही. तिथं पगार दोन हजारानं जास्त असला तरी राहू नका.

वयाचीही अट आहे. १८ वर्षांखालच्या कोणालाही किरणांच्या कामावर ठेवता येत नाही, अन् १६ वर्षांखालच्याला शिकाऊ म्हणूनही घेता येत नाही. दहावी झालेल्या पोराला 'ये, शिकत शिकत काम कर' म्हणून एक्स-रे रूममध्ये उभं करणं कायद्यात बसत नाही. गरोदर राहिल्यावर बाईनं मालकाला सांगायचं असतं. त्यानंतर पोटातल्या बाळाला बाळंतपणापर्यंत १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त मात्रा होणार नाही असं काम तिला द्यावं लागतं. म्हणजे नोकरी सोडायची गरज नाही, काम बदलून मागायचं. पोरीचं लग्न जुळवताना हा मुद्दा सासरच्यांनाही समजावून सांगा.

शिक्षण : कोणता कागद कुठं चालतो

सगळ्यात जास्त फसगत इथंच होते, म्हणून जरा सावकाश वाचा.

सगळ्यात पक्का रस्ता पदवीचा. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, जे १९९८ मध्ये झालं, त्याचा बीपीएमटी म्हणून अभ्यासक्रम आहे. बारावी विज्ञान, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र. पहिल्या वर्षी शरीररचना वगैरे सगळ्यांना सारखं, मग रेडिओग्राफीची शाखा, शेवटी इंटर्नशिप. नागपूरसारख्या ठिकाणच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण मिळतं. तिथं जागा थोड्या, पण फी खासगीच्या मानानं फार कमी अन् पेशंटची गर्दी मोठी. गर्दी म्हणजेच शिक्षण. दिवसाला शंभर एक्स-रे निघतात तिथं तीन वर्षं राहिलेला मुलगा अन् दिवसाला चार एक्स-रे निघणाऱ्या सेंटरवर शिकलेला मुलगा, यांच्या हातात फरक पडतोच. याशिवाय वैद्यकीय महाविद्यालयं असलेल्या खासगी अभिमत विद्यापीठांत रेडिऑलॉजीची बीएस्सी आहे. शिक्षण चांगलं असू शकतं, पण फी आधी पूर्ण वर्षांची विचारा, फक्त पहिल्या वर्षाची नाही.

दुसरा रस्ता डिप्लोमाचा. दोन वर्षांचा, मान्यताप्राप्त मंडळाचा किंवा विद्यापीठाचा, अन् दवाखान्यात प्रत्यक्ष काम असलेला. रेल्वेसारख्या भरतीत हा डिप्लोमा चालतो. रेल्वे भरती मंडळानं २०२४ मध्ये पॅरामेडिकलची १३७६ पदं काढली होती. त्यातल्या रेडिओग्राफर पदाला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र अन् दोन वर्षांचा डिप्लोमा मागितला होता, सुरुवातीचं मूळ वेतन २९,२०० रुपये. एक वर्षवाल्यांना तिथं अर्जच करता आला नाही.

आता कायदा. २०२१ मध्ये संसदेनं सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात रेडिऑलॉजी अन् इमेजिंग हा स्वतंत्र गट आहे. या कायद्यानुसार टेक्निशियन किंवा टेक्नॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायला किमान २००० तासांचं अन् दोन ते चार वर्षांत विभागलेलं शिक्षण लागतं. हा आकडा पाठ करून ठेवा. कोणी सहा महिन्यांचा 'एक्स-रे डिप्लोमा' विकत असेल तर सरळ विचारा, भाऊ, २००० तास कसे बसवता? पुढं काय उत्तर येतं ते ऐकण्यासारखं असतं.

२०२५ मध्ये या आयोगाचे नवे अभ्यासक्रमही जाहीर झाले, अन् त्यात वैद्यकीय रेडिऑलॉजी व इमेजिंग तंत्रज्ञान आहे. राज्यात त्याआधीपासूनच महाराष्ट्र परावैद्यक परिषदेचा २०११ चा कायदा आहे. काम करायला परिषदेची नोंदणी लागते, म्हणून प्रवेशापूर्वीचा मुख्य प्रश्न एकच : या कोर्सवर परिषदेत नोंदणी होते का? 'होते' असं तोंडी नको. मागच्या बॅचमधल्या विद्यार्थ्याचं नोंदणी प्रमाणपत्र दाखवा म्हणा. खरी संस्था दाखवते.

अकरावी-बारावीच्या व्यवसाय शिक्षणातला रेडिऑलॉजी टेक्निशियनचा कोर्स वाया जात नाही. त्यातून बारावी होते, शिवाय १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली विद्यावेतन घेऊन एखाद्या रुग्णालयात शिकाऊ म्हणून लागता येतं. पण तो सुरुवातीचा टप्पा आहे. त्यावर सरकारी तंत्रज्ञाची जागा मिळेल असं धरून चालू नका. पुढं डिप्लोमा किंवा पदवी घ्यायची असेल तर त्या कोर्सला बारावीत कोणते विषय लागतात हे अकरावीत जातानाच पाहून घ्या.

घरबसल्या, टपालानं किंवा ऑनलाइन एक्स-रेची डिग्री मिळत नाही. दूरशिक्षणाच्या यूजीसी नियमांत पॅरामेडिकल विषयांना मनाई आहे. बाहेरच्या राज्यातल्या विद्यापीठाचं नाव सांगून 'फक्त परीक्षेला जायचं' असं कोणी म्हणालं, तर फोन ठेवून द्या.

संस्थेच्या दारात गेल्यावर

प्रवेशाला जाताना एकटं पोरगं पाठवू नका, घरातलं मोठं माणूस सोबत पाहिजे. पहिल्यांदा एक्स-रे रूम दाखवा म्हणा. स्वतःची मशीन नसेल तर कोणत्या रुग्णालयाशी करार आहे तो कागद पाहा, अन् त्या रुग्णालयात जाऊन तिथल्या टेक्निशियनला विचारा की या संस्थेची मुलं खरंच इथं येतात का. पाच मिनिटांचं काम आहे, पण कोणी करत नाही. मशीन असेल तर तिची नियामक मंडळाकडची नोंद आहे का ते विचारा. प्रत्येक एक्स-रे मशीनची नोंद ई-लोरा नावाच्या सरकारी पोर्टलवर करावीच लागते.

पैसे रोख देऊन साध्या चिठ्ठीवर विश्वास ठेवू नका. संस्थेच्या नावाच्या खात्यात भरा, व्यक्तीच्या फोन-पेवर नाही. मूळ गुणपत्रिका, टीसी जमा करायला सांगितली तर पोच घ्या. पुष्कळ पोरांना कोर्स खोटा आहे हे कळूनही बाहेर पडता येत नाही, कारण टीसी तिकडे अडकलेली असते.

आणखी एक सोपी परीक्षा आहे. बँकेत जाऊन या कोर्ससाठी शैक्षणिक कर्ज मिळेल का ते विचारा. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण मागत नाहीत, पण कोर्स मान्यताप्राप्त लागतो. मॅनेजरनं मान्यतेचा कागद मागितला अन् संस्थेनं टाळाटाळ केली, तर तुमचं उत्तर तुम्हाला तिथंच मिळालं. कर्ज घ्यायचं नसलं तरी विचारून या.

सोनोग्राफीच्या वाटेला जाऊ नका

काही जाहिरातींत 'एक्स-रे, सीटी, सोनोग्राफी सगळं शिकवतो' असं लिहिलेलं असतं. सोनोग्राफी आपल्या देशात टेक्निशियननं करायची गोष्ट नाही. १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्यानं ती फक्त ठरावीक पात्रतेच्या डॉक्टरनंच, नोंदणी केलेल्या केंद्रातच करायची असते. टेक्निशियन पेशंटची नोंद, फॉर्म भरणं, मशीनची तयारी एवढी मदत करू शकतो. 'डॉक्टर नाही, तूच प्रोब फिरव' असं कोणी सांगितलं अन् तुम्ही ऐकलं, तर पहिल्या गुन्ह्यालाच तीन वर्षांपर्यंत कैद अन् दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यात तुमचंही नाव येतं. गर्भात मुलगा की मुलगी हे खुणेनं सांगणंही गुन्हाच. या एका कारणानं चांगली नोकरी सोडावी लागली तरी सोडा.

नोकऱ्या कुठं?

सरकारी नोकरीत सार्वजनिक आरोग्य विभाग अन् वैद्यकीय शिक्षण विभाग हे दोन मोठे दरवाजे. मोर्शीचं उपजिल्हा रुग्णालय, अमरावतीचं जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला सगळे इर्विन म्हणतात, हे पहिल्या विभागाकडे. वैद्यकीय महाविद्यालयं दुसऱ्याकडे. २०२३ मध्ये आरोग्य विभागानं गट क अन् ड मिळून १०,९४९ पदांची भरती काढली होती, तिच्यात क्ष-किरणाची पदं होती. पण अशी मोठी भरती दरवर्षी येत नाही. मध्ये तीन-चार वर्षं जातात. परीक्षेत विषयाच्या प्रश्नांसोबत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान अन् बुद्धिमापनही असतं. विषय येतो पण मराठी व्याकरणात गुण जातात, असं होऊ देऊ नका.

अकोल्यात २००२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. अमरावतीतही २०२४-२५ पासून नवं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १०० जागांवर सुरू झालं. कॉलेज वाढलं की मशीन वाढतात अन् माणसं लागतात. किती पदं कायमची अन् किती कंत्राटी, हे जाहिरात निघेल तेव्हाच कळेल. खासगीत अमरावती, परतवाडा, नागपूरच्या डायग्नोस्टिक सेंटरवर काम मिळतं. सुरुवातीचा पगार बेताचाच. दोन वर्षं फक्त एक्स-रे केलं तर तिथंच अडकतो, सीटी-एमआरआय हाताखालून गेलं की माणसाची किंमत वाढते. म्हणून पहिली नोकरी निवडताना पगारापेक्षा तिथं कोणत्या मशीन आहेत ते पाहा.

रिटेल : दुकानाचं शिक्षण

रिटेल म्हणजे किरकोळ विक्री. गावातलं किराणा दुकान रिटेलच, अन् अमरावतीचं मोठं सुपर मार्केटही रिटेलच. याला शिक्षण कायले पाहिजे, असं पुष्कळांना वाटतं. खरं सांगायचं तर काउंटरवर उभं राहायला शिक्षण लागत नाही. काउंटरमागून पुढं जायला लागतं.

मोठ्या स्टोअरमध्ये पोरगा आधी ट्रेनी किंवा सेल्स असोसिएट म्हणून लागतो. माल लावणं, ग्राहकाला दाखवणं, बिलिंग. जुना माल पुढं अन् नवा मागं, ज्याची मुदत आधी संपते तो आधी विकायचा. रात्री स्टोअर बंद झाल्यावर मोजणी. कॉम्प्युटरवर ४० नग अन् कपाटात ३७ असले की तीन कुठं गेले याचा शोध. चोरी, तुटफूट, बिलिंगची चूक यातून जो माल गळतो त्यावरच स्टोअरचा नफा-तोटा ठरतो. ज्याला ही गळती शोधता येते तोच पुढं टीम लीडर, मग विभागप्रमुख, मग स्टोअर मॅनेजर होतो. त्यासाठी जीएसटी, स्टॉकचा हिशेब, एक्सेल अन् माणसं सांभाळणं यायला पाहिजे. हेच कोर्समध्ये शिकवतात.

शिक्षणाचे मार्ग बरेच आहेत. व्यवसाय शिक्षणाची अकरावी-बारावी वर सांगितलीच. यूजीसीनं २०१४ मध्ये बी.व्होक. ही पदवी आणली. तिच्यात एक वर्षानं डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स डिप्लोमा अन् तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. रिटेल मॅनेजमेंट हा तिच्यात चालणारा विषय आहे. रिटेलच्या प्रमाणपत्रावर 'रास्की' म्हणजे रिटेल क्षेत्राच्या कौशल्य परिषदेचं नाव अन् एनएसक्यूएफची पातळी लिहिलेली आहे का ते पाहा.

पण सगळ्यांनाच बाहेरगावी जायची गरज नाही. मोर्शीतच बी.कॉम. किंवा बी.ए. करणाऱ्या पोरांना नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीतच ऑन जॉब ट्रेनिंग आलं आहे. बहुतेक पोरं ओळखीच्या दुकानदाराची सही आणून ते उरकून टाकतात. त्याऐवजी नांदगाव पेठजवळच्या सिटीलँड, बिझिलँडसारख्या कापडाच्या ठोक बाजारात एक महिना खरोखर काढला, तर ठोक भाव, उधारी, परतीचा माल, सणाआधीची खरेदी हे सगळं डोळ्यांनी पाहायला मिळेल. त्या महिन्यात जे शिकायला मिळेल ते वर्गात मिळणार नाही, असं आमचं मत.

पैसाच नसेल तर उमेद अभियानामार्फत चालणारी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना पाहा. २०१४ ची ही योजना ग्रामीण गरीब कुटुंबातल्या १५ ते ३५ वयाच्या मुलामुलींसाठी आहे. प्रशिक्षण मोफत, राहण्या-जेवणाची सोय असलेली केंद्रंही आहेत. रिटेल हा तिच्यातला नेहमीचा कोर्स. पंचायत समितीच्या उमेद कक्षात चौकशी करा. या योजनेच्या नावावर कोणी नोंदणी फी मागितली तर देऊ नका.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून बारावीला ६ हजार, आयटीआय-डिप्लोमाला ८ हजार अन् पदवीधराला १० हजार रुपये महिना विद्यावेतन ठरलं आहे. वय १८ ते ३५. मुदत आधी सहा महिने होती, पुढं अकरा महिने झाली. ही नोकरी नाही, अनुभव आहे. तो संपल्यावर कायम करतील या आशेवर बसू नका.

पगार हातात किती येतो

मॉलच्या नोकरीत पोरं आकडा ऐकून जातात अन् तीन महिन्यांत परत येतात. हिशेब असा करा. समजा पुण्यात १५ हजार सांगितले. त्यातून पीएफचे १२ टक्के, ईएसआयचे पाऊण टक्का कापले जातात. चौघांत खोली घेतली तरी माणशी तीन हजार, मेस तीन हजार, जाणं-येणं एक हजार, मोबाइल अन् इतर हजार-दीड हजार. उरले साडेचार-पाच हजार. अमरावतीत ११ हजार मिळाले अन् मोर्शीहून रोज एसटीनं ये-जा केली, तर कदाचित तेवढेच उरतील. पण स्टोअर रात्री उशिरा बंद होतं अन् शेवटची गाडी त्याआधी जाते. पोरीच्या बाबतीत तर हा पहिला प्रश्न.

पीएफ अन् ईएसआय कापतात म्हणून रागावू नका. न कापणारा मालक जास्त धोक्याचा. पगार २१ हजारांपर्यंत असेल अन् आस्थापना लागू होत असेल तर ईएसआयमधून घरच्यांचाही इलाज होतो. नेमणूकपत्र मागा. जादा तासांचं काम कायद्यानं दुप्पट दरानं. गल्ल्यात पैसे कमी आले म्हणून तुमचं म्हणणं न ऐकताच पगारातून कापता येत नाहीत. छापील किमतीपेक्षा जास्त घ्यायला सांगितलं तर नकार द्या, तोही गुन्हा आहे. अन् दिवाळीला सुटी मिळणार नाही, हे आईला आधीच सांगून ठेवा.

स्वतःचं दुकान टाकायचं असेल तर

आपल्या तालुक्यात, संत्र्याच्या पट्ट्यात, दोन दुकानं शिक्षणाशिवाय टाकताच येत नाहीत, अन् म्हणूनच त्यांना स्पर्धा कमी. एक मेडिकल स्टोअर. त्याला डी.फार्म. किंवा बी.फार्म. झालेला, नोंदणी असलेला माणूस लागतो. भाड्याच्या सर्टिफिकेटवर दुकान चालवणं बेकायदा आहे. दुसरं कृषी सेवा केंद्र. कीटकनाशकाच्या परवान्याला कृषी, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र अशा विषयांतलं शिक्षण लागतं. आधीपासून दुकान असलेल्यांसाठी हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेचा ४८ आठवड्यांचा देसी डिप्लोमा आहे. साधी बी.एस्सी. करून 'आता काय' म्हणत बसलेल्या पोरानं याचा विचार करावा. शेतकरी औषध विचारायला रोज येतोच, नीट सांगणारा माणूस दुकानात पाहिजे.

जिल्ह्याच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत १८ ते ४५ वयाच्या लोकांना मोफत निवासी प्रशिक्षण मिळतं, अन् मुद्रा कर्जाचा अर्ज कसा करायचा हेही सांगतात.

कागदपत्रं अन् सवलती

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर होतात. मुलींसाठी ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल अन् प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क अन् परीक्षा शुल्क माफ आहे. तुमचा कोर्स त्या यादीत आहे का ते कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर लेखी विचारा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला हा लाभ नाही. बाहेर राहायचं असेल तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, अन् इतरांसाठी अटींवर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, डोमिसाइल हे तहसीलमधून किंवा सेतू केंद्रातून निकालाच्या आधीच काढून ठेवा. जूनमध्ये तिथं पाय ठेवायला जागा नसते. आधारवरचं नाव अन् दहावीच्या मार्कशीटवरचं नाव एकसारखं आहे का ते आजच पाहा. एका वेलांटीच्या फरकानं अर्ज अडकतात.

फसवणूक झालीच तर पावती, जाहिरातीचा फोटो अन् व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. तेच पुरावे. पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या. मोर्शीच्या न्यायालयातल्या तालुका विधी सेवा समितीकडे महिलांना, तसंच अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मागता येतो. अर्ज साध्या कागदावर मराठीत चालतो.